बादलीत बुडालेले खेकडे

अमेरिकेतल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्यात कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, खेकडे धरायचा माझा पहिला दिवस चार मेलेल्या खेकड्यांवर संपला. पिंजऱ्यातून काढले तेव्हा चांगले तरतरीत होते. एकाने तर माझ्या हातमोज्याचं बोट सोडता सोडलं नाही. मी इमानेइतबारे वीस लिटरच्या बादलीत समुद्राचंच पाणी भरलं, चौघांना आत सोडलं, बादली दोन पायांमध्ये ठेवली आणि ऊन अंगावर घेत दोन-अडीच तास वल्हवत राहिलो. किनाऱ्याला लागलो तर सगळे निपचित. मालवणच्या मावशीला फोनवर सांगितलं, तर ती हसतच सुटली. "अरे, कुर्ल्यो पाण्यात कित्याक ठेवलंस? ओल्या गोणत्यात ठेय त्येंका!"

पाण्यातला प्राणी पाण्यात मरतो आणि गोणपाटात जगतो, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण हिशेब करून बघा. दहा अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे माझ्या काठोकाठ भरलेल्या बादलीत 180 मिलिग्रॅम. तेवढा ऑक्सिजन साध्या हवेच्या पाऊण लिटरहूनही कमी जागेत मावतो! अख्ख्या बादलीत एका बाटलीभर हवेइतकाही ऑक्सिजन नव्हता, आणि खाणारी तोंडं चार. त्यात ऊन. पाणी पंचवीस अंशांवर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे 7 मिलिग्रॅमच्याही खाली येतो, आणि खेकड्याची गरज मात्र दर दहा अंशांना साधारण दुप्पट-तिप्पट होते. शिवाय त्यांनी बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया त्याच पाण्यात साठत जातो. समुद्रात हा कचरा वाहून जातो, बादलीत कुठे जाणार?

इथला खेकडा म्हणजे डंजनेस. वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच नावाच्या गावावरून हे नाव पडलं. साउंडमध्ये फक्त नर ठेवता येतो, तोही कवच कडक असलेला आणि सव्वासहा इंच, म्हणजे जवळपास 16 सेंटिमीटर रुंद. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक खेकडा दणकट गडी असतो, बादलीतली हवा भराभर संपवणारा.

खेकड्याचे कल्ले पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत असतात. पाणी मुख्यतः डेंग्यांच्या (नांग्यांच्या) मुळाशी असलेल्या फटीतून आत जातं, कल्ल्यांवरून फिरतं आणि तोंडाजवळून बाहेर पडतं. हे पाणी ढकलायला तोंडाच्या अवयवांपैकीच एक चपटं वल्हं आत अखंड हलत असतं. मधूनमधून ते उलटंही चालतं आणि प्रवाहाची दिशा बदलते. बाहेर आपण वल्हवतोय, आत तोही वल्हवतोय.

हवेत आणल्यावर कप्प्यात थोडं पाणी उरतं. ते पाणी आणि हवा तो एकत्र घुसळतो, म्हणून बाजारात टोपलीतल्या चिंबोऱ्यांच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात. आपल्याकडे तोंडाला फेस येणं म्हणजे दमछाक. खेकड्याच्या बाबतीत मात्र फेस म्हणजे श्वास चालू असल्याची खूण. कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांवर ओल टिकली, तर हवेतला भरपूर ऑक्सिजन थोडाफार तरी रक्तात उतरतो. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं हिमोसायनिन असतं, म्हणून ऑक्सिजन मिळालेलं रक्त निळसर दिसतं. ओल गेली की पापुद्रे भिजून वाळलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात, आणि मग भोवती कितीही हवा असून उपयोग नाही.

तरीही गोणपाट म्हणजे समुद्र नव्हे. हवेत कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, रक्ताची आम्लता वाढत जाते. मुदत वाढवता येते, एवढंच. कोणाला किती मुदत मिळते, हे त्याच्या राहणीवर ठरतं. आपली खाडीतली काळी चिंबोरी भरती-ओहोटीच्या चिखलात वाढलेली, ती सुतळीने बांधून ओलसर टोपलीत दिवसच्या दिवस तग धरते. पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्री खेकडा मात्र पाण्याबाहेर फार टिकत नाही, म्हणून बाजारात तो सहसा मेलेलाच दिसतो. डंजनेस थंड पाण्यातला. ओलाव्याइतकाच त्याला गारवा लागतो.

तो गारवा गोणपाट फुकटात देतं. माठाचंच तंत्र: वाऱ्याने पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यावर समुद्राचं पाणी शिंपडायचं. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात हवा कोंडते.

बर्फाचा मोह मलाही झाला होता. पण उघडा बर्फ वितळला की गोडं पाणी होतं, आणि डंजनेसला शरीरातल्या क्षारांचा तोल गोड्या पाण्यात सांभाळता येत नाही. बर्फ हवाच असेल तर बंद बाटलीत गोठवून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवावा. जाळीची पिशवी कयाकला बांधून पाण्यात सोडायची युक्तीही बरीच मंडळी करतात. प्रवाह मोकळा असल्याने ती चालते, पण एव्हरेटजवळ स्नोहोमिश नदी येऊन मिळते तिथे नको. नदीचं गोडं पाणी हलकं असल्याने वर तरंगतं, आणि पिशवी नेमकी त्याच थरात लोंबते.

पिंजऱ्याच्या जाळीत अडकलेला पाय कधी ओढू नये. पाय पकडला गेला की खेकडा तो ठरलेल्या सांध्यातून स्वतःच टाकून देतो आणि जखम लगेच बंद होते. आपल्या हिसक्याने पाय भलतीकडे तुटला तर निळसर रक्त वाहत राहतं आणि असा खेकडा गोणपाटातही टिकत नाही. गोणपाटात त्यांना पोटावर, एकमेकांना खेटून बसवावं. डेंगे हलवायला जागाच उरली नाही की भांडणं बंद.

हा सगळा खटाटोप चवीसाठी आणि पोटासाठी. खेकडा मेला की पचनग्रंथीतले पाचक रस त्याच्याच मांसाला लागतात, जिवाणूही वाढतात, आणि मांस बघता बघता पिठूळ होतं. म्हणून घरी गोणपाट उघडलं की मी आधी डोळे बघतो. बोटाने हलकेच टोकलं आणि देठावरचा डोळा चटकन आत गेला, तर पातेलं चुलीवर. गेल्या खेपेला पाचही जणांनी डोळे चटकन आत घेतले, आणि पाचव्याने परत हातमोजाच धरला.