ड्रायव्हरमधला नको तिथला कॅश फ्लश: मागची गोष्ट

नेटवर्क कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये पॅकेट लिहितं. हाच डीएमए. पीसीवर कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान स्मृती) आणि रॅमचा मेळ हार्डवेअरच राखतं. राउटर, सेट-टॉप बॉक्समधल्या बऱ्याच एआरएम आणि मिप्स चिपांवर ही सोय नसते. तिथे कार्डाने नवं पॅकेट लिहिलं तरी प्रोसेसर कॅशमधलं शिळंच वाचू शकतो.

लिनक्सने हा मेळ राखायची जबाबदारी डीएमए एपीआयवर टाकली, म्हणजे ड्रायव्हरांनी (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामांनी) डीएमएसाठी वापरायच्या ठरावीक फंक्शनांवर. आधी पीसीआय या एका बसपुरती (बस म्हणजे उपकरणं जोडायचा मार्ग), मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 2.5 मालिकेत सगळ्याच बससाठी. बफर (डेटासाठी राखलेली रॅममधली जागा) मॅप केला, म्हणजे त्याचा पत्ता उपकरणाला जोडून दिला, की तो उपकरणाच्या ताब्यात, अनमॅप केला की प्रोसेसरच्या. कॅशची साफसफाई (फ्लश) या देवघेवीतच उरकते. रचना सुटसुटीत होती. पण पत्ता जोडणं आणि कॅश साफ करणं ही दोन वेगळी कामं एकाच कॉलला बांधली गेली, आणि पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू झाली.

नवे एआरएम प्रोसेसर पुढे लागेल या अंदाजाने डेटा आधीच कॅशमध्ये ओढू लागले. मॅप करताना साफ केलेल्या कॅशमध्ये डीएमए चालू असतानाच जुना डेटा परत शिरू लागला. म्हणून 2010 च्या सुमारास अनमॅप करतानाही साफसफाई आली.

हिशेब करून बघा. पान (रॅमचा एक ठरावीक तुकडा) 4 केबीचं, कॅश लाइन (कॅशचा एक कप्पा) 64 बाइटची, म्हणजे एका पानात 64 लाइनी. आलेलं पॅकेट 60 बाइटची नुसती टीसीपीची पोच असेल, तर एक लाइन पुरते. पान अख्खं अनमॅप केलं तर उरलेल्या 63 लाइनींचं काम फुकट. शिवाय त्याच पानात प्रोसेसरने दरम्यान काही लिहिलं असेल, तर ते पुसलं जाण्याचा धोका वेगळाच.

3.6 कर्नलमध्ये (2012) 'डीएमए ॲट्रिब्युट स्किप सीपीयू सिंक' हा पर्याय आला: मॅप-अनमॅप करा, कॅशला हात लावू नका. 2016-17 मध्ये इंटेलच्या नेटवर्क कार्डांच्या आयजीबी ड्रायव्हरने तो उचलला. पान मॅप केलेलंच ठेवायचं, पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि आलेल्या पॅकेटपुरतंच सिंक (कॅशची साफसफाई) करायचं. पान फिरवण्याचं हे काम 4.18 मध्ये पेज पूलच्या (फिरत्या पानांच्या साठ्याच्या) रूपाने सगळ्या ड्रायव्हरांसाठी खुलं झालं. पान कार्डाला परत देतानाचं सिंकही पुढे पूलच करू लागला. ते मात्र गाळता येत नाही. प्रोसेसरने लिहिलेली लाइन कॅशमध्ये राहिली, तर ती नंतर रॅममध्ये उतरून ताज्या पॅकेटवरच बसायची.

गंमत म्हणजे पीसीही यातून सुटला नाही. तिथे सिंकमध्ये करण्यासारखं काही नसतं, पण फंक्शन कॉल व्हायचाच. 2018 मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरच्या उपायांनी पॉइंटरमार्फत (फंक्शनचा पत्ता आधी वाचून) होणारे कॉल महाग केले, तेव्हा तो डोळ्यांत भरला. 6.10 मध्ये (2024) प्रत्येक उपकरणावर 'सिंक नको' अशी खूण ठेवायची सोय आली. एखादा बफर मधल्या बाउन्स बफरमधून (डेटा तात्पुरता नकलून ठेवायच्या जागेतून) गेला, की ती खूण निघते आणि सिंक पुन्हा सुरू होतं.