कोड लिहून मिळतो, वाचायचा कुणी?

'मराठी' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोरगंही सांगेल, तीन. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला विचारा, पाच म्हणेल. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, सुटंसुटं साठवलेलं असतं, आणि पायथन ते तुकडे मोजतं. शब्द उलटा करायला सांगितला तर 'र'चा काना 'ठ'ला जाऊन चिकटतो आणि वेलांटी सुरुवातीला एकटीच लोंबकळते.

आता एआयला म्हणा, 'नावातली अक्षरं मोजणारा प्रोग्रॅम लिहून दे.' एका ओळीचा कोड क्षणात हजर. इंग्रजी नाव घालून पाहिलं तर उत्तर चोख. मराठी नाव घालून बघायचं कुणाला सुचलंच नाही, तर ही चूक तशीच ग्राहकापर्यंत जाते. यात एआयचा आळस नाही. आजवर लिहिल्या गेलेल्या अफाट कोडवरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, याचा तो अंदाज बांधतो. आणि त्या कोडमध्ये देवनागरीचा विचार क्वचितच केलेला असतो.

यंत्राकडून कोड लिहून घेणं तसं जुनंच. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचा ए-झिरो हा कंपायलर, म्हणजे माणसाच्या सूचना संगणकाच्या कोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, १९५२चा; फोरट्रान या भाषेचा कंपायलर १९५७चा. पण कंपायलर नियमाने चालतो, म्हणून त्याने काय केलं हे सहसा कुणी तपासत बसत नाही. एआयकडे मात्र तीच मागणी दोनदा करा, दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. म्हणून इथे तपासावंच लागतं. कोड न वाचता 'चालतंय ना, मग झालं' म्हणत पुढे जाण्याला एआय संशोधक आंद्रेय कारपथी यांनी २०२५मध्ये 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं, तेही शनिवार-रविवारच्या हौशी प्रयोगांपुरतं. लोकांनी ते थेट ऑफिसात नेलं!

तपासणं धरून एआयने वेळ खरंच वाचतो का? 'मेटर' या संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरलं तेव्हा १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की काम २० टक्के लवकर उरकलं. माणसं थोडी आणि साधनं तेव्हाची, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लावू नये. पण वाटणं आणि असणं यांतली ही तफावत मला जास्त बोलकी वाटते.

मी तर एआयने दिलेल्या अशा कोडमध्ये आधी 'ज्ञानेश्वर' घालून बघतो. चार आले तर ठीक. दहा आले की कोड परत.