बीएसएनएलमधली स्वेच्छानिवृत्ती: कोकणातून पाहताना

31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलचे 78,569 कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. जवळजवळ निम्मी कंपनी! अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजांमधली जुनी जाणती माणसं त्यात गेली.

मूळ दुखणं जुनं. 1 ऑक्टोबर 2000 ला दूरसंचार खात्याच्या सेवांची कंपनी झाली, ती खात्याची माणसं घेऊनच. त्यांची भरती झाली होती तार, ट्रंक कॉल आणि तांब्याच्या केबलीच्या जमान्यात. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं आल्यावर ऑपरेटरचं काम आटलं, जुलै 2013 मध्ये तारही बंद झाली. पगारपत्रक मात्र त्या वेगाने आखडलं नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. एअरसेल दिवाळखोरीत गेली, 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खासगीतली कपात फारशी गाजली नाही. तिथे बरीच माणसं ठेकेदाराच्या हजेरीपटावर होती. बीएसएनएलकडे तर देशभर फोर-जी चालवण्याजोगं स्पेक्ट्रमच (रेडिओ लहरींचा पट्टा) नव्हतं, आणि उत्पन्नातले रुपयामागे सुमारे 75 पैसे पगारात जात होते. 2019 मध्ये पगारच लांबू लागले. त्याच ऑक्टोबरात केंद्राने पॅकेज दिलं: फोर-जी स्पेक्ट्रम, आणि पन्नाशी गाठलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती. झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे 35 दिवसांचा, निवृत्तीला उरलेल्या दर वर्षामागे 25 दिवसांचा पगार. महिन्याचा पगार कधी होणार हेच ठाऊक नसलेल्या माणसाने अर्ज भरला, तर त्यात नवल ते काय?

दिल्लीच्या ताळेबंदात माणसं जास्त होती, हे खरंच. पण कोकणात एक्स्चेंजपासून शेवटच्या वाडीपर्यंतची लाइन जांभ्याच्या कातळातून, वहाळाच्या काठाने, माडा-फणसांखालून जाते. कुठल्या साकवाजवळच्या जॉइंटमध्ये मिरगाच्या पहिल्या सरीला पाणी शिरतं, कुठल्या डीपीतली (तारा वाटणाऱ्या पेटीतली) तारांची कुठली जोडी गंजली आहे, हे नकाशापेक्षा लाइनमनच्या डोक्यात जास्त असायचं. ते कुणी लिहून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे चारच महिन्यांनी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब आडवे झाले, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. तोवर लँडलाइनची देखभाल ठेकेदारांकडे निघाली होती. फायबरची जोडणी तर बीएसएनएल आता बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाल्याकडूनच करून घेते, बिलातला वाटा देऊन.