तंबाखूचा पाऊच आणि पाण्याची ओढ

पाइप ओढणाऱ्यांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक सल्ला आहे: पाऊचमधली तंबाखू कोरडी पडली की तिच्यात सफरचंदाची एक फोड टाकून ठेवा. कुणी बटाट्याचा काप सुचवतं, कुणी संत्र्याची साल. हल्ली हाच सल्ला ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून नव्याने फिरू लागला आहे, आणि एकदा नैसर्गिक म्हटलं की पुढे प्रश्न विचारायचे नसतात, असा आपल्याकडे अलिखित नियमच झालेला आहे. फोड टाकल्यावर तंबाखू मऊ पडते हे खरं. काही दिवसांत फोडीच्या आजूबाजूला पांढरट-हिरवट लव धरते हेही तितकंच खरं. दोन्हींमागचं कारण एकच आहे. ते समजून घ्यायचं तर आधी तंबाखूत पाणी असतं म्हणजे नेमकं कसं असतं, ते बघावं लागेल.

तंबाखूचं पान म्हणजे सेल्युलोज, पेक्टिन आणि शर्करा यांची गुंतागुंत. या सगळ्यांच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात. म्हणून तंबाखू हवेतला ओलावा शोषते, सादळते, आणि हवा कोरडी झाली की तो सोडूनही देते. पाइपच्या तंबाखूत वजनाच्या साधारण १२ ते २० टक्के पाणी असतं. पण हा टक्क्यांचा आकडा फसवा आहे. एका तंबाखूत १५ टक्के पाणी असेल आणि दुसरीतही तेवढंच असेल, तरी पहिली हवेत पटकन वाळते आणि दुसरी वाळता वाळत नाही, असं सहज घडतं. पाणी किती आहे याच्याइतकंच ते किती घट्ट धरलेलं आहे, हे महत्त्वाचं.

हा घट्टपणा मोजायची युक्ती फार सुरेख आहे. काचेच्या बरणीत तंबाखू भरायची, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवायचा आणि झाकण लावून विसरून जायचं. सुरुवातीला काटा हलत राहतो. तंबाखूतून काही रेणू हवेत जातात, हवेतले काही तंबाखूवर परत येतात. काही तासांनी जाणारे आणि येणारे सारखे होतात आणि काटा एका जागी थांबतो. समजा तो ६२ टक्क्यांवर थांबला. म्हणजे हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्या ६२ टक्के वाफ आत आहे, आणि ही त्या तंबाखूची समतोल सापेक्ष आर्द्रता. तिला १०० ने भागलं की ०.६२ मिळते, ती तिच्यातल्या पाण्याची सक्रियता. शुद्ध पाण्याची सक्रियता १. ताज्या सफरचंदाची ०.९८च्या आसपास. मधाची ०.६च्या जवळपास, आणि मधात पाणी असूनही तो का नासत नाही याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

विल्यम जेम्स स्कॉट या ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं की जंतू वाढणार की नाही हे एकूण पाण्यावर ठरत नाही, या सक्रियतेवर ठरतं. बहुतेक बुरश्या ०.७च्या खाली अडखळतात आणि ०.६च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. सिगारेटींची चाचणी घेण्याआधी त्या ज्या हवेत ठेवतात तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३४०२: तापमान २२ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्के. पाइपवाल्यांनाही तंबाखू साधारण ६० ते ६५च्या पट्ट्यातच आवडते. म्हणजे चांगली पेटणारी तंबाखू आणि बुरशी धरणारी तंबाखू यांच्यामध्ये जेमतेम पाच-दहा टक्क्यांची पट्टी आहे.

आता सफरचंदाकडे परत या. ती फोड आसपासची हवा ६२ला आणून थांबत नाही. तिचं लक्ष्य ९८ आहे. फोडीत पाणी शिल्लक आहे तोवर ती तंबाखूला पाणी पुरवत राहते, आणि शेजारच्या तुकड्यांना सगळ्यात जास्त. शिवाय सालीवर बुरशीचे बीजाणू असतात ते वेगळेच. भाजलेल्या मातीची छोटी चकती पाण्यात भिजवून पाऊचमध्ये ठेवण्याची पद्धत त्या मानाने बरी. पण ‘चकती गरजेपुरताच ओलावा सोडते’ हा तिच्या पाकिटावरचा दावा मात्र निव्वळ जाहिरात आहे. चकतीला गरज कळत नाही. तिच्यातलं पाणी शुद्ध, त्याची सक्रियता १. ती निभावून नेते कारण तिच्यात पाणीच थोडं मावतं. हिशेब करून पाहा: १० टक्के ओलाव्याची ५० ग्रॅम तंबाखू १५ टक्क्यांवर आणायला फक्त ३ ग्रॅम पाणी लागतं. एवढंसं पाणी मोजून देता येतं, फोडीतलं मोजता येत नाही.

पाऊचमधली आर्द्रता खरोखर स्वतःहून एका आकड्यावर रोखून धरणारी वस्तू एकच, आणि ती माझी अत्यंत लाडकी आहे: क्षाराचं संपृक्त द्रावण.

पाण्यात मीठ विरघळवलं की मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती गोळा करून ठेवतात. त्यामुळे पृष्ठभागावरून हवेत उडणारे रेणू कमी होतात आणि द्रावणाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वाफेचा दाब, शुद्ध पाण्यापेक्षा उतरतो. जेवढं मीठ जास्त तेवढा दाब कमी. फ्रान्स्वा-मारी राऊल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उतरण्याचा नियम मांडला. मिठाच्या तीव्र द्रावणाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण दिशा तीच. आता मीठ टाकतच राहा. एका टप्प्यावर ते विरघळेनासं होतं आणि तळाशी खडे उरतात. खरी गंमत इथून पुढे आहे. या चिखलासारख्या मिश्रणाने हवेतून थोडं पाणी ओढून घेतलं तर द्रावण पातळ व्हायला हवं, पण तळाचे खडे लगेच विरघळतात आणि तीव्रता होती तिथेच येते. उलट हवेने त्यातलं पाणी नेलं तर द्रावण दाट व्हायला हवं, पण जास्तीचं मीठ खडे होऊन बाहेर पडतं. तीव्रता पुन्हा जागच्या जागी. तीव्रता हलत नाही म्हणून बाष्पदाब हलत नाही, आणि म्हणून वरच्या हवेची आर्द्रताही हलत नाही. ना बॅटरी, ना झडप. खडेही आहेत आणि द्रावणही आहे, तोवर आकडा अढळ.

आणि प्रत्येक क्षाराचा आकडा वेगळा. २५ अंशांना साध्या मिठाचा ७५ टक्के, पोटॅशियम कार्बोनेटचा ४३, मॅग्नेशियम क्लोराइडचा ३३. मिठाचा आकडा तर १० अंशांपासून ३० अंशांपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. म्हणूनच आर्द्रतामापक खरं बोलतो की नाही हे तपासायला बाटलीच्या झाकणात चमचाभर ओलं मीठ घेतात आणि मापकासोबत हवाबंद डब्यात ठेवतात. काही तासांनी मापक ७० दाखवत असेल तर त्यात पाच मिळवून वाचायचं. मात्र हेच मीठ पाऊचमध्ये ठेवू नका, ७५ म्हणजे थेट बुरशीच्या अंगणात. बाजारात ५८, ६२, ६५ असे आकडे छापलेली चपटी पाकिटं मिळतात. त्यांत याच तत्त्वावर क्षारांची द्रावणं भरलेली असतात, आणि आवरण असं की वाफ आरपार जाते पण थेंब बाहेर येत नाही. ती ओलावा देतात तशी घेतातही. पाकीट चुरचुरीत कडक झालं की आत फक्त खडे उरलेत, त्याची सद्दी संपली.

इथे एक खोच आहे, आणि ती जरा किचकट आहे. तंबाखूची आर्द्रता आणि तिच्यातलं पाणी यांचा आलेख काढला तर वाळतानाची रेघ आणि ओलावतानाची रेघ एक येत नाहीत. ६२ टक्के आर्द्रतेला ओलीकडून खाली आलेली तंबाखू जास्त पाणी धरून असते आणि कोरडीकडून वर आलेली कमी. दोघींची सक्रियता तीच, पाणी मात्र वेगळं. कारण वाळताना पानातल्या सूक्ष्म पोकळ्या मिटतात, सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, आणि ज्या जागी पूर्वी पाण्याचे रेणू होते तिथे साखळ्यांनी आपापसात बंध बांधलेले असतात. ते बंध पुन्हा तोडायला जास्तीचा रेटा लागतो. म्हणून एकदा कोरडीठाक झालेली तंबाखू ६२च्या पाकिटासोबत कितीही दिवस ठेवली तरी पहिल्यासारखी लवचिक होत नाही. तिला आधी थोडं जास्त ओलं करून मग खाली आणावं लागतं. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरा: वाळल्यावर ओलावण्यापेक्षा मुळात वाळू न देणं सोपं.

तर मग पाऊचमध्ये ती वाळते कशी? सगळ्यांचा संशय उघडझापीवर असतो. हिशेब वेगळंच सांगतो. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. पाऊचमध्ये २०० मिलिलिटर हवा धरली आणि ती ६५ टक्क्यांवर असली तर त्या हवेत सगळी मिळून ३ मिलिग्रॅम वाफ. पाऊच उघडला, ती पूर्ण हवा गेली आणि ४० टक्क्यांची बाहेरची हवा आत आली, तर नुकसान सव्वा मिलिग्रॅमही नाही. दिवसातून वीसदा उघडलं तरी २३ मिलिग्रॅम. ५० ग्रॅम तंबाखू १५ टक्क्यांवरून १२ वर यायला १७०० मिलिग्रॅम जायला हवेत. म्हणजे निव्वळ उघडझाप करून ती वाळवायला दोन महिन्यांहून जास्त लागतील.

दोषी दुसरेच आहेत, आणि त्यांतला पहिला म्हणजे खिसा. अंगाला टेकलेला पाऊच ३५ अंशांपर्यंत तापला असं धरा. त्या तापमानाला घनमीटरभर हवेत जवळजवळ ४० ग्रॅम वाफ मावते. तंबाखूची सक्रियता तीच राहिली तरी आतली हवा १५ ग्रॅमऐवजी २५ ग्रॅमहून जास्त वाफ बाळगू लागते. बाहेर २५ अंश आणि ५० टक्के असेल तर तिथे साडेअकरा ग्रॅम. आतबाहेरचा फरक साडेतीनवरून चौदावर गेला, म्हणजे गळतीचा रेटा चौपट झाला. पाऊच अंगाच्या खिशातून काढून पिशवीत किंवा कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवला तर या एका बदलाने जेवढं साधतं तेवढं फोडी आणि चकत्यांनी साधत नाही.

दुसरा दोषी पाऊच स्वतः. नुसत्या चामड्याला वाफ अडवता येत नाही. बूट चामड्याचे करतात त्यामागे हेही एक कारण आहे, पायाचा घाम त्यातून निघून जातो. म्हणून चांगल्या पाऊचला आत रबराचं अस्तर असतं. ते घडीच्या रेषेवर सर्वांत आधी म्हातारं होतं. हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनने रबर चिरफाळतं. अस्तर घडीपाशी बोटांनी ताणून उजेडात धरा, केसाएवढ्या आडव्या चिरा दिसल्या तर तंबाखू कुठून वाळते ते कळलं. मूळ पाकिटातली ॲल्युमिनियमची चंदेरी पट्टी नवी असताना वाफेला वाटच देत नाही, पण रोज घडी घालून घालून तिलाही टाचणीच्या टोकाहून बारीक भोकं पडतात.

आतापर्यंत सगळं पाण्याबद्दल झालं. सुगंधाचं गणित वेगळं आहे, आणि इथेच प्लास्टिकची झिपवाली पिशवी फसवते. टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये रबराच्या पडद्यातून वायू कसे जातात याचं स्पष्टीकरण दिलं: वायू पडद्यात आधी विरघळतो, मग रेणूरेणूने सरकत पलीकडे निघतो. भोक लागत नाही. पॉलिथिन तेलाच्या जातीचं, पाणी त्यात विरघळत नाही, म्हणून ते पाण्याला बऱ्यापैकी अडवतं. पण सुगंधी द्रव्यंही तेलाच्याच जातीची. ती त्यात खुशाल विरघळतात आणि बाहेर पडतात. बंद पिशवीला बाहेरून तंबाखूचा छान वास येत असेल तर तो वास पिशवीत राहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्यातही सगळी द्रव्यं एका चालीने जात नाहीत. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट १४२ अंशांना उकळतं, व्हॅनिलिन २८५ला. म्हणून फळांचे वास आधी उडतात आणि व्हॅनिला मागे रेंगाळतं. चेरीच्या वासामागचं बेंझाल्डिहाइड तर उडून जाण्यापुरतं थांबत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचं बेंझोइक आम्ल होतं, आणि त्याला जवळजवळ वासच नाही. वाळलेल्या तंबाखूला पाणी परत देता येतं, हे परत देता येत नाही. रम किंवा व्हिस्कीचे थेंब शिंपडणारे जे देतात तो वास रमचा असतो, तंबाखूचा नव्हे.

गंधित तंबाखूत आणखी एक भानगड असते. ती ओलसर राहावी म्हणून कारखान्यातच प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. दोन्ही पाण्याला धरून ठेवतात आणि स्वतः सहजी उडत नाहीत. त्यामुळे अशी तंबाखू पाणी गमावल्यावरही बोटांना ओलीच लागते. चिमूटभर घेऊन दाबायची आणि सोडायची, ही जुनी परीक्षा साध्या तंबाखूला उत्तम लागू पडते: गोळा तसाच राहिला तर फार ओली, करकरली तर कोरडी, सावकाश उमलली तर बरोबर. ग्लायकॉलवालीला ती लावून ‘अजून ओली आहे’ म्हणत आणखी सुकवत बसणारे पुष्कळ आहेत. आणि फार ओली ठेवणंही कामाचं नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. ती उष्णता निखाऱ्यातून जाते, पाइप विझतो, माणूस जोरात ओढतो आणि गरम वाफेने जीभ पोळते. लोक मग तंबाखूच्या जातीला दोष देतात. ओलावा नेमका राखला म्हणून धूर निर्धोक होतो, असं मात्र नाही. तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग पाइपनेही होतो, तंबाखू ६२वर असो की ७२वर.

पाऊचमध्ये चार-पाच दिवसांपुरतीच तंबाखू घ्यावी आणि बाकीची काचेच्या बरणीत ठेवावी. काचेतून वाफही जात नाही आणि वासही. दाबून वड्या केलेली तंबाखू न्यायची असेल तर वडी अख्खी न्यावी आणि भरताना मोडावी, चुरलेलीचं उघडं अंग कैक पटींनी जास्त असतं. आणि लाटाकिया नावाच्या तंबाखूसाठी वेगळा पाऊच ठेवावा. ती धुरावर सुकवलेली असते, तिच्यातली फिनॉल नावाची धुरकट वासाची द्रव्यं रबराच्या अस्तरात याच विरघळण्याच्या वाटेने शिरतात आणि पुढे महिनोन्महिने तिथून परत बाहेर येत राहतात. मग त्याच पाऊचमध्ये व्हॅनिलाची तंबाखू भरली तरी वास धुराचाच येतो, आणि अस्तर कितीही पुसलं तरी तो जात नाही, कारण तो अस्तरावर नसतो, अस्तरात असतो.