सीवर्ल्ड : सागरी प्राण्यांच्या खेळांपासून रोलरकोस्टरपर्यंत

सीवर्ल्ड ही सागरी प्राणी उद्यानांची अमेरिकन साखळी आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो, फ्लॉरिडातील ऑर्लँडो आणि टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे तिची उद्याने असून, 2023 मध्ये अबू धाबीत याच नावाचे आणखी एक उद्यान सुरू झाले. ओर्का (किलर व्हेल), डॉल्फिन आणि सी-लायन यांच्या खेळांमुळे ही उद्याने जगभर ओळखली गेली, परंतु आज तेथे येणाऱ्या पाहुण्याला दुरून प्रथम दिसतात ते रोलरकोस्टरचे उंच पोलादी रूळ. बंदिवासातील ओर्कांविषयीच्या ‘ब्लॅकफिश’ या 2013 मधील माहितीपटानंतर झालेल्या टीकेमुळे हा बदल घडला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. साखळीतील पहिला रोलरकोस्टर त्याआधी सोळा वर्षे उभा राहिला होता, आणि त्यामागे प्राण्यांविषयीची सहानुभूती नव्हे, तर शेजारच्या उद्यानांशी चाललेली स्पर्धा होती. प्राण्यांच्या खेळांना पूरक म्हणून आलेल्या राइडना उद्यानाच्या मुख्य आकर्षणाचे स्थान मिळाले ते मात्र टीकेनंतरच्या काळात.

पहिले सीवर्ल्ड 21 मार्च 1964 रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे या उपसागराकाठी उघडले. मिल्टन शेड, केन नॉरिस, डेव्हिड डेमॉट आणि जॉर्ज मिले हे त्याचे चार संस्थापक लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पदवीधर होते. पाण्याखालचे उपाहारगृह काढावे, एवढीच त्यांची मूळ कल्पना होती. ती तांत्रिकदृष्ट्या जमेना, तेव्हा तिचे उद्यानात रूपांतर झाले. 1965 मध्ये प्यूजेट साउंड परिसरातील समुद्रातून पकडलेली शामू ही मादी ओर्का येथे आणली गेली. ती 1971 मध्ये मरण पावली, पण तिचे नाव पुढच्या अनेक ओर्कांना रंगमंचावरील नाव म्हणून दिले जात राहिले आणि त्या नावाभोवतीच संस्थेची ओळख घडत गेली. ऑर्लँडोचे उद्यान 1973 मध्ये आणि सॅन अँटोनियोचे 1988 मध्ये सुरू झाले. या उद्यानांत पाहुण्याचा दिवस खेळांच्या वेळापत्रकाने बांधलेला असे. हजारो माणसे एकाच वेळी प्रेक्षागारात बसत, खेळ संपला की पुढच्या प्रेक्षागाराकडे निघत आणि मधल्या वेळात मत्स्यालये पाहत.

हा साचा मोडण्याचे सामर्थ्य कंपनीच्या घरातच होते, हा मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. 1976 मध्ये हार्कोर्ट ब्रेस जोव्हानोविच या प्रकाशनसंस्थेने सीवर्ल्ड विकत घेतले आणि 1989 मध्ये ते अ‍ॅनहायझर-बुश या बिअर उत्पादक कंपनीकडे गेले. या कंपनीची टॅम्पा आणि विल्यम्सबर्ग येथील बुश गार्डन्स ही उद्याने आधीपासून होती आणि रोलरकोस्टर हे तेथील मोठे आकर्षण होते. टॅम्पात 1993 मध्ये कुंबा आणि 1996 मध्ये मोंटू हे बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेले कोस्टर उभे राहिले. प्राण्यांच्या शेजारी मोठी राइड कशी उभारायची, तिची देखभाल कशी करायची आणि पाहुण्यांची रांग कशी हाताळायची, याचा अनुभव त्यामुळे एकाच छत्राखाली जमा झाला. सीवर्ल्डमधील पहिला कोस्टर, ‘ग्रेट व्हाइट’, 1997 मध्ये सॅन अँटोनियोत आला. तो याच स्विस कंपनीचा होता. त्यात डबे रुळाच्या खाली टांगलेले असतात. 1999 मध्ये त्याच उद्यानात ‘स्टील ईल’ची भर पडली.

ऑर्लँडोतील घाई स्पर्धेची होती. 1998 मध्ये डिस्नेने अ‍ॅनिमल किंगडम उघडले. प्राणी पाहायचे तर सीवर्ल्ड, हे समीकरण त्याने मोडले. 1999 मध्ये युनिव्हर्सलने आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर हे थरारक राइडचे उद्यान सुरू केले. एका बाजूला प्राण्यांचा आणि दुसऱ्या बाजूला वेगाचा असा दुहेरी दाब असताना सीवर्ल्डने 1998 मध्ये ‘जर्नी टू अटलांटिस’ ही पाण्यातील उताराची आणि कोस्टरची मिश्र राइड आणली आणि 1 जून 2000 रोजी ‘क्रॅकेन’ सुरू केला. नॉर्स दंतकथेतील समुद्रराक्षसाचे नाव घेतलेल्या या कोस्टरची उंची सुमारे 47 मीटर आणि वेग ताशी सुमारे 105 किलोमीटर आहे. सात वेळा तो प्रवाशाला उलटा करतो आणि त्याच्या डब्यांना तळ नसल्याने पाय अधांतरी लोंबत राहतात. महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना अपरिचित नाही, कारण खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ हा त्याच कंपनीचा आणि त्याच बिनतळाच्या प्रकारातला कोस्टर आहे.

सॅन डिएगोत मात्र राइड उभारण्याआधी मतदारांकडे जावे लागले. शहराच्या किनारी पट्ट्यात बांधकामाची उंची 30 फुटांपर्यंत मर्यादित ठेवणारा नियम 1972 मध्ये नागरिकांनीच मतदानाने केला होता. 1998 मध्ये आणखी एका मतदानाने सीवर्ल्डच्या भाडेपट्ट्याच्या जागेपुरती ही मर्यादा 160 फुटांपर्यंत शिथिल केली. 2004 मध्ये तेथे ‘जर्नी टू अटलांटिस’ आली, 2018 मध्ये ‘इलेक्ट्रिक ईल’ आणि 2022 मध्ये ‘एम्परर’. शेवटच्या दोघांची उंची अनुक्रमे सुमारे 150 आणि 153 फूट आहे. दोन्ही आकडे त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले आहेत, आणि या उद्यानातील कोस्टर एका उंचीपुढे का गेले नाहीत, याचे उत्तर त्यातच आहे.

प्राणी आणि राइड यांची सांगड खऱ्या अर्थाने साधली गेली ती मे 2009 मध्ये ऑर्लँडोत सुरू झालेल्या ‘मँटा’मध्ये. या कोस्टरमध्ये प्रवासी रुळाखाली, तोंड जमिनीकडे करून, आडवे झोपल्यासारखे असतात, त्यामुळे मँटा रे या महाकाय पाकटासारखे तरंगत जाण्याचा भास होतो. एका वळणावर गाडी तळ्याच्या पृष्ठभागाला इतकी लगटून जाते की पाण्याचे फवारे उडतात. राइडशी जोडलेल्या मत्स्यालयात शेकडो पाकट आहेत. रांगेत उभे राहणाऱ्यांना ते दिसतातच, पण ज्यांना कोस्टरमध्ये बसायचे नाही त्यांच्यासाठीही वेगळा मार्ग ठेवला आहे. आजी-आजोबांनी खाली पाकट पाहावेत आणि नातवंडांनी वर उडावे, अशी ही योजना असून, संपूर्ण साखळीत नाव आणि प्राणी यांचे नाते इतके प्रामाणिकपणे जपणारी दुसरी राइड दाखवणे कठीण आहे. पुढे आलेल्या कित्येक कोस्टरना प्राण्याचे नाव आणि डब्यावरचे चित्र एवढेच मिळाले.

त्याआधी ओहायओतील एक प्रयोग फसला होता. ऑरोरा येथे 1970 पासून सीवर्ल्डचे आणखी एक उद्यान होते आणि तळ्यापलीकडे गिऑगा लेक हे जुने राइडचे उद्यान होते. 2001 मध्ये पलीकडच्या उद्यानाच्या मालक सिक्स फ्लॅग्जने सीवर्ल्डही विकत घेऊन दोन्ही एक केली. ओर्का आणि कोस्टर एकाच तिकिटावर पाहता येऊ लागले, पण 2004 मध्ये हे उद्यान सीडर फेअर कंपनीला विकले गेले तेव्हा प्राणी त्या व्यवहारात नव्हते, आणि 2007 च्या हंगामानंतर तेथील राइडही बंद झाल्या. अशी उद्याने पुढे राइडकडे झुकली की त्यांतील प्राण्यांचे काय होऊ शकते, याचे हे लवकर मिळालेले उदाहरण होय.

24 फेब्रुवारी 2010 रोजी ऑर्लँडोत टिलिकम या नर ओर्काने प्रशिक्षक डॉन ब्रँचो यांना पाण्यात ओढले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. खेळांदरम्यान प्रशिक्षकांनी ओर्कांसोबत पाण्यात उतरणे त्यानंतर थांबले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने कंपनीवर ठपका ठेवला, आणि 2014 मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला. 2009 मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेलेली कंपनी एप्रिल 2013 मध्ये शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी टिलिकमची कहाणी सांगणारा ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. कंपनीच्या सर्व उद्यानांत मिळून 2013 मध्ये 2 कोटी 34 लाख पाहुणे आले होते. 2014 मध्ये ही संख्या 2 कोटी 24 लाखांवर आणि 2017 मध्ये 2 कोटी 8 लाखांवर आली. ऑगस्ट 2014 मध्ये तर एकाच दिवसात शेअरचा भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला.

कंपनीचे पहिले उत्तर राइड हे नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑगस्ट 2014 मध्ये तिने ओर्कांसाठी अधिक मोठे आणि खोल तलाव बांधण्याची ‘ब्लू वर्ल्ड’ योजना जाहीर केली, म्हणजे पैसा प्राण्यांवरच लावण्याचे ठरवले. ऑक्टोबर 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टी आयोगाने सॅन डिएगोतील तलावाला मंजुरी दिली, पण तेथे ओर्कांची पैदास करू नये अशी अट घातली. पैदास नाही म्हणजे पुढची पिढी नाही, आणि पुढची पिढी नसेल तर कित्येक दशके चालणाऱ्या तलावात एवढी रक्कम गुंतवण्याला व्यावसायिक अर्थ उरत नाही. 17 मार्च 2016 रोजी, जोएल मँबी हे मुख्याधिकारी असताना, कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि तलावाची योजना सोडून दिली. पाठोपाठ कॅलिफोर्नियाने तसा कायदाही केला. सीवर्ल्डमधील शेवटचे ओर्का पिल्लू एप्रिल 2017 मध्ये सॅन अँटोनियोत जन्मले आणि तीन महिन्यांतच दगावले. नव्या राइडचा वेग वाढला तो या निर्णयानंतर, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील खरा वळणबिंदू हाच आहे.

जून 2016 मध्ये ऑर्लँडोत ‘मॅको’ सुरू झाला. शार्कच्या एका वेगवान जातीचे नाव घेतलेल्या या कोस्टरची उंची 200 फूट, वेग ताशी सुमारे 117 किलोमीटर आणि लांबी सुमारे 1,450 मीटर आहे. त्याची घोषणा आदल्या वर्षीच झालेली होती, त्यामुळे पैदासबंदीचा तो परिणाम म्हणता येत नाही. पण त्याच्यानंतर ऑर्लँडोत जे आले ते एका ठरलेल्या लयीत आले. 2018 मध्ये ‘इन्फिनिटी फॉल्स’ ही तराफ्यांची राइड, 2019 मध्ये लहान मुलांसाठी सेसमी स्ट्रीटचा विभाग, 2022 मध्ये ‘आइस ब्रेकर’, 2023 मध्ये लाटेवर उभे राहिल्याचा अनुभव देणारा ‘पाइपलाइन’ आणि 2024 मध्ये ‘पेंग्विन ट्रेक’. सॅन अँटोनियोत 2017 मध्ये ‘वेव्ह ब्रेकर’ आणि 2020 मध्ये ‘टेक्सस स्टिंगरे’ हा लाकडी कोस्टर आला. सॅन डिएगोत 2023 मध्ये ‘आर्क्टिक रेस्क्यू’ उभारला गेला.

या लयीमागे साधा हिशेब आहे. ओर्काचा खेळ दरवर्षी नवा करता येत नाही. प्राणी म्हातारा होतो, आजारी पडतो, मरतो, आणि त्याची प्रत्येक हालचाल आता लोकांच्या नजरेखाली असते. कोस्टरची मात्र आदल्या वर्षी घोषणा करता येते, बांधकामाची छायाचित्रे महिनोन्‌महिने दाखवता येतात आणि उद्घाटनाच्या सुमारास वार्षिक पास विकता येतात. ऑर्लँडोला राहणाऱ्या कुटुंबाने पास पुन्हा घ्यावा यासाठी दरवर्षी काहीतरी नवे हवे असते. 2018 मध्ये पाहुण्यांची संख्या 2 कोटी 26 लाखांपर्यंत सावरली. त्यात पासांच्या विक्रीचा आणि दरांचाही वाटा होता, त्यामुळे सारे श्रेय राइडना देणे बरोबर ठरणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने स्वतःच्या नावातून ‘सीवर्ल्ड’ हा शब्द काढून ‘युनायटेड पार्क्स अँड रिसॉर्ट्स’ असे नाव घेतले. उद्यानांची नावे तशीच राहिली.

प्राणी उद्यानांतून गेलेले नाहीत, तर उद्यानाच्या मांडणीतील त्यांचे स्थान बदलले आहे. ‘पेंग्विन ट्रेक’ जेथे संपतो, तेथून प्रवासी थेट पेंग्विनच्या थंड दालनात उतरतात. पूर्वी पेंग्विन पाहायला आलेल्याला राइड मिळत असे, आता राइडला आलेल्याला पेंग्विन भेटतात. 1995 पासून हेलिकॉप्टरच्या आभासी प्रवासाने चालणाऱ्या ‘वाइल्ड आर्क्टिक’च्या जागी 2025 मध्ये ‘एक्स्पिडिशन ओडिसी’ हे उडत्या आसनांचे चित्रगृह आले, ज्यात प्रत्यक्ष आर्क्टिकमध्ये चित्रित केलेली दृश्ये दाखवली जातात. बर्फावरचा खराखुरा प्राणी पडद्यावर आणि बंदिवासातला काचेपलीकडे, असे दोन्ही एकाच भेटीत पाहिले की पाहुण्याच्या मनात तुलना होणे स्वाभाविक आहे.

राइड वाढल्या म्हणून ओर्का मोकळे झाले, असा समज करून घेऊ नये. पैदास थांबली तेव्हा कंपनीच्या अमेरिकेतील तीन उद्यानांत दोन डझनांच्या आसपास ओर्का होते, आणि ओर्का दीर्घायुषी असतात. 1969 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रातून पकडलेली आणि 1987 पासून सॅन डिएगोत असलेली कॉर्की 2020 च्या दशकातही तेथेच होती. बंदिवासात जन्मलेल्यांना समुद्रात जगता येणार नाही, असे कंपनी म्हणते. किनाऱ्याजवळ जाळ्याने बंदिस्त केलेल्या खाडीत त्यांना ठेवावे, अशी टीकाकारांची मागणी आहे. जुन्या तलावांमध्येच उरलेले आयुष्य काढणाऱ्या या प्राण्यांसाठी रोलरकोस्टरमुळे काहीच बदललेले नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. कंपनीचे जखमी सागरी प्राणी वाचवण्याचे काम मोठे आहे, आणि त्याचा खर्च शेवटी तिकिटांतूनच, म्हणजे आता बऱ्याच अंशी राइडच्या बळावर, निघतो. हेही तितकेच खरे.

प्राणी आणि कोस्टर यांचा संसार अन्यत्रही आढळतो. हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये (स्थापना 1977) डोंगरउतारावरून समुद्राकडे झेपावणारे कोस्टर 1980 च्या दशकापासून आहेत. अबू धाबीच्या यास बेटावरील सीवर्ल्डमध्ये पहिल्या दिवसापासून ओर्का नाहीत, पण ‘मँटा’ नावाचा कोस्टर आहे. साठ वर्षांपूर्वीच्या सीवर्ल्डचा गाभाच वगळून ते नाव चालू शकते का, याची परीक्षा तेथे होत आहे.

भारतात मे 2013 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉल्फिनना बंदिवासात ठेवून खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी न देण्याचे धोरण स्वीकारले. कोकणात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ‘सी वर्ल्ड’ प्रकल्प प्रस्तावित केला होता. नावातील साधर्म्यापलीकडे त्याचा अमेरिकन साखळीशी संबंध नव्हता. जमीन संपादनाला ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला आणि वर्षानुवर्षे चर्चेत राहूनही प्रकल्प उभा राहिला नाही. त्याच किनाऱ्यावर तारकर्ली आणि देवबागहून होडीने निघालेले पर्यटक आजही मोकळ्या समुद्रात पोहणारे डॉल्फिन पाहतात.