६४ बाइटांचा खसरा

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. तेव्हापासून आमच्या इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगर भागात जुन्या कॉम्प्युटरांची धावपळ चालू आहे. कोणी विंडोज ११ टाकून घेतो, कोणाचा भाचा लिनक्स टाकून देतो, कोणी कॅबिनेट स्कूटरवर पुढ्यात ठेवून जेल रोडचा बाजार गाठतो. आणि मग अधूनमधून तेच वाक्य कानावर येतं: ‘अहो, विंडोज टाकताना डी ड्राइव्ह उडाला. मुंजीचे सगळे फोटो गेले.’

गेलेले नसतात. निदान त्या क्षणी तरी नाही. पटवाऱ्याच्या खसऱ्यातलं, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी नोंदवहीतलं, पान फाटलं म्हणून शेत नाहीसं होत नाही. बांध कुठे होता ते कागद बघून सांगता येत नाही, एवढंच. डी ड्राइव्ह ‘उडतो’ तेव्हा बहुतेक वेळा असंच एक पान फाटलेलं असतं, आणि ते पान फक्त ६४ बाइटांचं असतं.

हार्ड डिस्कला सी, डी, ई ठाऊक नसतात. तिच्याकडे असतात ओळीनं मांडलेले सेक्टर, सहसा प्रत्येकी ५१२ बाइटांचे, शून्यापासून क्रमांक दिलेले. कुठून कुठपर्यंतचे सेक्टर म्हणजे एक पार्टिशन, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि डॉस २.० नं ही नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, म्हणजे शून्याव्या सेक्टरमध्ये ठेवली. त्या सेक्टरचं नाव मास्टर बूट रेकॉर्ड, एमबीआर.

या ५१२ बाइटांची वाटणी मला फार आवडते, म्हणून जरा रेंगाळतो. पहिले ४४६ बाइट हा एक चिमुकला प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू झाला की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, हा सेक्टर उचलून मेमरीत ३१,७४४ व्या जागी ठेवतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. शेवटचे दोन बाइट म्हणजे ८५ आणि १७०. बिटांत लिहिले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही सही दिसली नाही तर बायोस सहसा पुढे जातच नाही आणि पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. मधले उरले ६४ बाइट, तेच पार्टिशन टेबल. त्यात चार ओळी, प्रत्येक ओळ १६ बाइटांची.

एका ओळीत काय असतं? पहिला बाइट १२८ असेल तर या पार्टिशनवरून बूट करायचं, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करायचा, ० असेल तर नाही. पुढचे तीन आणि सहाव्यापासूनचे तीन बाइट जुन्या पद्धतीचे पत्ते: सिलिंडर, हेड, सेक्टर. आज त्यांना कोणी विचारत नाही. पाचवा बाइट प्रकार सांगतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली मांडायच्या पद्धतीसाठी तिथे ७ असतो. शेवटच्या आठ बाइटांत खरा मुद्देमाल: चार बाइटांत सुरुवातीच्या सेक्टरचा क्रमांक, चार बाइटांत एकूण सेक्टर किती. हे १६ बाइट शून्य केले की पाचशे गिगाबाइटचा डी ड्राइव्ह ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली जागा, असा दिसतो. फोटोंच्या एका बिटालाही धक्का लागलेला नसतो.

चार बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांत मावणारे वेगवेगळे आकडे ४,२९,४९,६७,२९६. त्यांना ५१२ नं गुणा: सुमारे २.२ लाख कोटी बाइट, म्हणजे २.२ टेराबाइट. म्हणून चार टेराबाइटची नवी डिस्क एमबीआर पद्धतीनं मांडली की जवळजवळ अर्धी डिस्क वापरताच येत नाही. दुकानदाराला दोष देऊ नका. १९८३ साली १० मेगाबाइटसाठी आखलेल्या रकान्याची ती रुंदी आहे.

यावरचा उपाय म्हणजे जीपीटी, पार्टिशन टेबल मांडायची नवी पद्धत. यात सेक्टरच्या क्रमांकाला ६४ बिट मिळतात आणि साधारणपणे १२८ ओळींची जागा असते. पण मला भावते ती दुसरीच गोष्ट: या टेबलाची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी अगदी शेवटी. शिवाय सोबत पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे पुढची प्रत बिघडली हे कळतं आणि मागच्या प्रतीवरून ती पुन्हा लिहिता येते. एमबीआरमध्ये ही सोय नव्हती. जीपीटी डिस्कच्या शून्याव्या सेक्टरमध्येही एक खोटा एमबीआर ठेवलेला असतो, २३८ प्रकाराचा, ‘सगळी डिस्क भरलेली आहे’ असं सांगणारा. जीपीटी न कळणाऱ्या जुन्या प्रोग्रामला डिस्क रिकामी वाटून त्यानं तिथे हात चालवू नये, म्हणून ही खबरदारी.

आता हरवलेला डी. एनटीएफएस पार्टिशनच्या पहिल्याच सेक्टरमध्ये चौथ्या बाइटापासून ‘एनटीएफएस’ ही अक्षरं असतात, आणि त्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटीही असते. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कवर अशा खुणा शोधत जातो आणि जुने बांध कुठे होते ते सांगतो. अट एकच: मध्यंतरी त्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं नको. घाबरून तिथेच पुन्हा विंडोज टाकणं, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं, यांनी खरं नुकसान होतं.

फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, म्हणजे एसएसडी, असेल तर गणित बदलतं. फॉरमॅट केल्यावर विंडोज एसएसडीला ट्रिमचा निरोप देतं, म्हणजे ‘ही जागा आता नकोय’. बहुतेक एसएसडी त्यानंतर त्या जागेची नुसती शून्यंच परत करतात. म्हणून ‘डेटा रिकव्हरी १०० टक्के’ अशी पाटी दिसली की मी आधी विचारतो, एसएसडीचीसुद्धा का? उत्तर सहसा व्हायरसच्या गोष्टीनं सुरू होतं. खंडेनवमीला कॅबिनेटला हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही, पण त्याच दिवशी फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी.

असाच एक मंत्र म्हणजे ‘बूटरेक फिक्सएमबीआर’. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं की जो तो हाच सांगतो. ही आज्ञा पहिल्या सेक्टरमधला बूटचा प्रोग्राम तेवढा नव्यानं लिहिते, पार्टिशन टेबलाला हात लावत नाही. पण आजच्या यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) मशीनला त्या प्रोग्रामची गरजच नसते. ते फॅट ३२ मध्ये मांडलेल्या एका छोट्या पार्टिशनमधून बूटची फाइल थेट उचलतं. तिथे ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा हवी. फिक्सएमबीआर शंभरदा चालवलं तरी फरक पडणार नाही.

राहता राहिला विंडोज ११ टाकताना येणारा अडथळा: ‘या डिस्कवर एमबीआर टेबल आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही.’ यावर लोक सर्रास डिस्कपार्ट या विंडोजच्या प्रोग्राममध्ये ‘क्लीन’ मारतात. त्यानं टेबलच जातं, म्हणजे सी बरोबर डी आणि ई सुद्धा. २०१७ पासून विंडोज १० मध्येच ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाचा प्रोग्राम येतो; तो डेटा न पुसता टेबल बदलतो. मात्र डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी (टेबलात थेट नोंदलेली) पार्टिशनं हवीत आणि एक्स्टेंडेड (पोटात आणखी पार्टिशनं मावणारं) एकही नको. आपल्याकडे मशीन असेंबल करून देताना सी, डी, ई, एफ पाडायची जुनी हौस. चार ओळींत ते मावेना म्हणून शेवटची ओळ एक्स्टेंडेड केलेली असते, आणि नेमकी तिथेच हा प्रोग्राम नकार देतो. अशा वेळी एक्स्टेंडेडमधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढायचा, ते पार्टिशन काढून टाकायचं, मग टेबल बदलायचं आणि लगेच बायोसमध्ये जाऊन लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीऐवजी यूईएफआय निवडायचं. हे शेवटचं राहिलं, तर टेबल नीट बदललेलं असूनही मशीन पुन्हा ‘नो बूटेबल डिव्हाइस’च म्हणतं.