विळी ते सिकेटर: काढणीनंतरच्या छाटणीची हत्यारे कुठून आली आणि कशी टिकतात

काढणी शेतात होते, छाटणी मात्र बऱ्याचदा बाजारात. दादरच्या फुलबाजारात गुलाबाची खालची पाने काढून देठ एका मापात आणायचे, कोथिंबिरीच्या जुडीची मुळे उडवायची, केळीच्या पानाचा जाड दांडा उतरवायचा. मुंबईत ही कामे विळी, कोयता, कात्री आणि सिकेटर (फांद्या-देठ छाटायची स्प्रिंगची कात्री) यांवर निभावतात. ही चार हत्यारे वेगवेगळ्या वाटांनी आली. त्यांचे पोलाद वेगळे, म्हणून निगाही वेगळी.

विळी आणि कोयता आपल्याकडचे. महाराष्ट्रात घिसाडी रस्त्याकडेला भाता आणि ऐरण मांडून विळे, खुरपी घडवत आले. मोटारगाड्या वाढल्या तसे या कामाला ट्रकच्या कमानीचे (चाकावरच्या स्प्रिंगपट्टीचे) भंगार पाते मिळू लागले. त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, त्यामुळे पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, ते चांगले कडक होते. लाल तापलेले पाते एकदम थंड पाण्यात बुडवले तर तडा जाण्याची भीती, म्हणून बरेच कारागीर तेल वापरतात. त्यानंतर पाते पुन्हा हलके तापवून फिकट पिवळसर रंगावर, म्हणजे 230 अंशांच्या आसपास, थांबवायचे असते. ही पायरी गाळली की धार काचेसारखी टवके उडून जाते. विकत घेताना धारेवरून नख अलगद फिरवा. सलग लागली तर ठीक, मध्येच अडखळली तर पाते सोडून द्या.

विळीचा मोठा गुण म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. जुडी दोन्ही हातांनी धरून पात्याकडे ओढली की शंभर देठ एका रेषेत कापले जातात. पालेभाजीसाठी याहून वेगवान हाताचे हत्यार आमच्या माहितीत नाही.

कात्रीचे नाव निघाले की मेरठ आलेच. तिथली कात्री जुन्या गाड्यांच्या भंगार पोलादापासून बनते, आणि 2013 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. फुलांच्या कामात फसगत होते ती कापडाची कात्री उचलल्यामुळे. तिची पाती लांब आणि पातळ. गुलाबाचा टणक देठ मध्ये आला की ती एकमेकांपासून फाकतात आणि देठ कापला न जाता चावला जातो. देठासाठी आखूड पात्याची, लांब मुठीची कात्री हवी. दोन पाती जोडणारा खिळा नीट आहे का ते असे पाहावे: कात्री उघडी धरून एक मूठ सोडायची. पाते आपल्या वजनाने अर्ध्यापर्यंत येऊन थांबले पाहिजे. खाडकन मिटले तर खिळा ढिला, जागचे हललेच नाही तर आवळ किंवा चिकाने जाम.

सिकेटरची कूळकथा फ्रान्समधली. सोळाव्या लुईचा नौदलमंत्री बेरत्राँ द मोलविल याने 1815 च्या सुमारास तो बनवला असे मानतात. द्राक्षबागायतदारांनी आधी नाके मुरडली, कारण वाकड्या चाकूइतका स्वच्छ काप मिळत नाही असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होते. सिकेटरला धारेचे एकच पाते असते, समोरची आकडी नुसता आधार देते आणि देठावर वळ उठवते. म्हणूनच झाडाची छाटणी करताना पाते झाडाच्या बाजूला ठेवतात. काढलेल्या फुलाचे गणित उलटे. इथे राखायचा भाग हातातला, तेव्हा पाते फुलाकडे आणि आकडी टाकायच्या तुकड्याकडे. आकडीऐवजी सपाट ऐरणीवर पाते आपटणारा सिकेटर सुक्या काटक्यांना ठीक, पण ओल्या देठाच्या पाणी ओढणाऱ्या नळ्या तो चेपतो आणि फूल लवकर मान टाकते.

पुढे 1945 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फेलिक्स फ्लिश यांनी फेल्को सुरू केली. तिच्या सिकेटरचे पाते, स्प्रिंग, बोल्ट सुटे बदलता येतात. मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटवर घ्या नाहीतर कुठेही, आधी हे विचारा: पाते आणि स्प्रिंग वेगळी मिळते का? रिव्हेट मारून कायमचा जोडलेला सिकेटर स्वस्त पडतो, पण ढिला झाला की भंगारात.

स्टेनलेस स्टीलचा जन्म 1913 सालचा, शेफील्डच्या हॅरी ब्रियर्ली यांच्या हातून. सुमारे 13 टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर बसतो. मुंबईत मात्र ‘गंजत नाही’ यावर विसंबू नये. खाऱ्या हवेतले क्लोराइड हा थर जागोजागी फोडते, आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. उलट साधे कार्बन पोलाद केळीच्या चिकाने काळे पडते. चिकातले टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग येतो, धारेचे त्याने काही बिघडत नाही. आमचे मत विचाराल तर रोज पुसायची सवय असलेल्याने कार्बन पोलाद घ्यावे. ते दगडावर पटकन धरते आणि धार बारीक येते. सवय नसेल तर स्टेनलेस बरे.

धार लावणाऱ्याचे फिरते चाक हा नाजूक विषय. कोरड्या चाकावर पाते जोरात दाबले की कडेवर निळी झाक येते. निळे म्हणजे सुमारे 300 अंश. तिथले पाणी उतरले, आता ती धार दोन दिवसांत बोथट होणार. पाते दर दोन-तीन घासण्यांनंतर पाण्यात बुडवायला सांगा. सिकेटर घरीच बरा: उतरत्या बाजूवर मूळचाच कोन धरून, साधारण 20 ते 25 अंशांत, बारीक दगड एकाच दिशेने फिरवायचा. सपाट बाजूवर कोन काढायचा नाही. नुसती उलटलेली किनार एका सपाट घासणीत काढून टाकायची. सपाट बाजूला कोन पडला की पाते आणि आकडीत फट राहते आणि सालीचा धागा लोंबत राहतो.

चीक सुकण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. रोगट माल कापल्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. ब्लीच वापरलेच तर लगेच धुऊन कोरडे करा, नाहीतर तेच पाते खाते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब खिळ्यावर आणि एक पात्यावर. गोडेतेल नको, ते सुकून चिकट पापुद्रा धरते. खाण्याच्या भाजीच्या विळीला खोबरेल चालते, पण वापरायच्या आधी ते पुसून घ्यावे लागते.